वीकेंड वखारीत!

शनिवारी सकाळी दहाला तुम्ही कुठे असता? मॉलमध्ये, नाहीतर अंथरुणात. मी मात्र त्या दिवशी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका ओंडक्यावर बसले होते. शेजारी बाबा, हातात टेप, कानामागे पेन्सिल. रिटायर झाल्यापासून इतके खुशीत मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

निमित्त होतं वर्कबेंच. आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. त्यात बंद स्कूटर, गळका कूलर आणि रद्दी. बाबांनी सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून काढली आणि गेली दोन वर्षं ते नुसते टीव्हीसमोर. शेवटी मीच म्हटलं, ‘बाबा, मला शिकवा ना काहीतरी.’ ते म्हणाले, ‘आधी टेबल लागेल.’

आता टेबल काय, ऑनलाइन मिळतं की! पण ते हलकं असतं. रंधा मारताना टेबल डुगडुगलं तर निम्मी ताकद तेच खातं, असं बाबांचं म्हणणं. म्हणून वखार.

शंकरशेट रस्त्यावरून आत वळलात की आधी वास येतो, ओल्या भुश्याचा. मग आरा मशीनचा आवाज. दोन्ही बाजूंना भिंतीसारख्या उभ्या फळ्या, मधून वाट काढणारे टेम्पो आणि हातगाड्या. मे २०२३ मध्ये इथं मोठी आग लागली होती. हे सगळं लाकूड बघताना ती आठवतेच.

इथला हिशोब घनफुटात चालतो. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. चार बाय चारचे तीन-तीन फुटी चार पाय म्हणजे सव्वा घनफुटाच्या जरा वर. चार बाय दोनच्या आडव्या पट्ट्या अठ्ठावीस फूट, म्हणजे दीडच्या वर. एकूण तीनला थोडं कमी. हे बाबांनी तोंडी केलं, मी मोबाइल काढेपर्यंत!

लाकूड निवडलं जुनं सागवान, पाडलेल्या वाड्यांतून निघतं ते. ते आधीच वाळलेलं असतं, त्यामुळे नंतर फारसं वाकत नाही. फक्त आत खिळे लपलेले असतात आणि एक खिळा करवतीचे दात घालवतो. बाबांनी खिशातून लोहचुंबक काढून प्रत्येक तुकड्यावर फिरवला. वखारवाला बघतच राहिला. वरच्या फळीसाठी अठरा एमएमचं आठ बाय चारचं एक प्लाय घेतलं. ते उभं चिरून दोन्ही भाग एकमेकांवर चिकटवायचे, की छत्तीस एमएमचा जाडजूड टॉप तयार.

तिथून रविवार पेठेत, बोहरी आळीत. सोन्या मारुती चौकात गाडी लावायला जागा मिळणं हा वेगळा लेख आहे, असो. खिळे नकोत, सगळं नट-बोल्टवर हवं, हा बाबांचा हट्ट. आमचं घर रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. कधी, ते बिल्डरलाच ठाऊक. पण तेव्हा बेंच खोलून नेता आला पाहिजे. चार इंची व्हाइसही घेतला. त्यासाठी बाबांनी बोल्टचे दोन सेट घेतले, एक नेहमीचा आणि एक चांगला लांबलचक. ‘काका, दुकान टाकताय काय?’ दुकानदारानं विचारलं. बाबा नुसते हसले.

रविवारी शेड रिकामी केली आणि खरा वाद सुरू झाला. उंची! व्हाइसचा जबडा कोपराच्या पातळीला यावा लागतो, नाहीतर कानस चालवताना खांदे भरून येतात. बाबांचं कोपर जमिनीपासून त्रेचाळीस इंचांवर, माझं एकोणचाळीस. व्हाइसचे सहा इंच वजा केले की त्यांना बेंच हवा सदतीसचा, मला तेहतीसचा. चार इंचांचा फरक. पाय एकदा कापले की वाढत नाहीत!

‘बाबा, तुमच्या मापानं करा. मी पाटावर उभी राहीन.’

‘बघू,’ म्हणाले आणि मला चहा करायला पाठवलं.

चहा घेऊन आले तेव्हा चारही पाय कापून झाले होते. संध्याकाळी बोल्ट आवळले, दोन्ही कर्ण मोजून काटकोन जमवला, टॉप बसवला. मग मी गुपचूप टेप लावली. बरोब्बर तेहतीस.

‘अहो बाबा, हे तर माझं माप!’

‘पाटावरून पाय घसरला म्हणजे? मी माझ्यापुरता व्हाइसखाली चार इंची ठोकळा टाकीन. लांब बोल्ट आणलेत की.’

आता ठोकळा सागाचा की बाभळीचा, यावर घरात चर्चा चालू आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा भवानी पेठ.