दोन मार्कांचा वारा

हिंगोलीकरांसाठी समुद्र म्हणजे भूगोलातला दोन मार्कांचा प्रश्न. खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक लिहा! आम्ही पाठ केला, मार्क घेतले, विसरलो. आमचं पाणी म्हणजे कयाधू नदी आणि सिद्धेश्वर धरण. जानेवारीत अलिबागजवळच्या थळला कयाकमध्ये बसले आणि ते उत्तर पहिल्यांदा अंगाला लागलं.

सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे. हाच तो मतलई! वल्हं थांबवलं तरी कयाक उंदेरी बेटाकडे सरकते. सही वाटतं, पण मेख इथेच आहे. परतताना दमल्या हातांनी हाच वारा तोंडावर घ्यायचा? म्हणून आमचे गाइड दादा वारा कधी फिरणार याचा हिशेब करूनच निघतात. खारा वारा सुटला की तोच किनाऱ्याकडे ढकलतो. मात्र त्याने जोर धरायच्या आत परतायचं.

उंदेरीपलीकडे खांदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजी जहाजं आडवी आली. पण वारा पडला की शिडाची जहाजं जागीच! मराठ्यांच्या छोट्या होड्या मात्र वल्ही मारत बेटावर रसद पोचवत राहिल्या. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत आली. तिचं मोल मला कळलं ते दुखऱ्या खांद्यांमुळे.

तुम्हीही जा. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बेटांभोवती खडक आहेत, उतरायचा हट्ट नको. आणि पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट हवंच, बॉस!