बऱ्याच दिवसांनी: थोडं कामाचं, बरंचसं खो-खोचं



दोन-अडीच महिने इथं काही लिहिलं नाही. चार-पाच जणांनी इनबॉक्समध्ये विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत आहे. शुगर काठावर आहे, पण ती गेल्या वर्षीही काठावरच होती. लिहिलं नाही कारण आधी पूर आला आणि त्याच्यामागं निवडणूक आली. आमच्या धंद्यात दोन्हीत झोप सारखीच उडते. फरक एवढाच की पुरात जाहिराती मिळत नाहीत.

सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात भूम-परंड्याकडं काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. आमचा धाराशिव जिल्हा म्हणजे टँकरच्या बातम्यांचा जिल्हा. वीस वर्षांत मी टँकरवर जेवढं लिहिलंय तेवढं दुसऱ्या कशावर लिहिलं नसेल. त्याच जिल्ह्यात हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली. आठ-नऊ दिवस गाडीवर फिरत होतो. पेट्रोल स्वतःचं, रेनकोट मेव्हण्याचा. सोयाबीन पाण्यात उभं होतं, घरात पोत्यातल्या ज्वारीला मोड आले होते, आणि माणसं पंचनाम्याला कोण येणार हे विचारत होती. पुढं 7 ऑक्टोबरला सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यावर मी दोन बातम्या केल्या. त्यातलं कुणाच्या खात्यात किती आलं, यावर अजून करतोय.

नदीकाठच्या एका गावात एक पोरगी घमेल्यानं घरातला गाळ बाहेर टाकत होती. मला बघून थांबली. मला वाटलं घराचं काही सांगेल. तिनं विचारलं, "सर, निवड चाचणी पुढं गेली का हो?"

ही आमच्या खो-खो संघातली पोरगी. खांबावरची तिची पकड अशी आहे की समोरचा गडी नुसता बघत राहतो. मॅटवर खेळायचे तिचे बूट पाण्यात गेले होते. म्हैस पण गेली होती, पण ते तिनं नंतर सांगितलं.

आता खो-खोचं सांगतो. मला ओळखणाऱ्यांना हे वेड माहीत आहे. बाकीचे आयपीएल बघतात, मी शाळेच्या मैदानावर उकिडवा बसून पोरांचा खो-खो बघतो. आमच्या जिल्ह्यात हा खेळ नुसता खेळ नाही. सारिका काळे इथलीच. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय संघाची कर्णधार, सुवर्णपदक, आणि 2020 ला अर्जुन पुरस्कार. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्या संघात आमची अश्विनी शिंदे होती. कर्णधार प्रियंका इंगळे. 19 जानेवारीला रविवारी पोरींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, आणि त्याच दिवशी पोरांनीही 54-36 नं अंतिम सामना काढला. स्टँडसमोरच्या हॉटेलात मालकाला विनंती करून टीव्ही लावला होता. चहा प्यायला आलेल्या गिऱ्हाइकांत निम्म्यांना पहिल्यांदाच कळलं की खो-खोचाही विश्वचषक असतो. एका काकांनी विचारलं, "हे आपलंच का? शाळेतलं?" आपलंच, म्हटलं. शाळेतलंच.

त्या विजयाचा आमच्या गावाला एक ठोस फायदा झाला. माजी विद्यार्थ्यांनी, दोन डॉक्टरांनी आणि एका किराणा दुकानदारानं वर्गणी काढली आणि क्रीडा संकुलाच्या हॉलसाठी एक जुनी वापरलेली मॅट विकत आणली. खो-खोला तसं काय लागतं? 27 बाय 16 मीटरची सपाट जमीन आणि दोन खांब. म्हणून तर तो आमच्याकडं टिकला. पण आता मोठ्या स्पर्धा मॅटवर व्हायला लागल्या. मातीवर अनवाणी पळणारी पोरगी मॅटवर बूट घालून पळते तेव्हा वळण घेताना पाय वेगळा पडतो. सूर मारला की मातीत कातडं जातं, मॅटवर कोपर भाजल्यासारखं होतं. सवय लागते. म्हणून ही मॅट आल्यापासून पहाटे साडेपाचला हॉलवर जायचं, हे पोरींचं ठरून गेलं होतं.

ऑक्टोबरात त्यांच्याबरोबर एका स्पर्धेला एसटीनं गेलो. बारा पोरी, एक मॅडम, प्रशिक्षक सर आणि मी. कंडक्टरनं तिकिटं फाडली तेव्हा तेरा अर्धी आणि दोन पूर्ण. सर मला म्हणाले, "हे लिहा की कधीतरी." त्यांनी जे सांगितलं ते मला बातमी म्हणून कधी सुचलंच नसतं. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी शाळेकडं प्रवासाचे पैसे कमी पडले की एकच संघ जायचा, आणि तो कुणाचा हे ठरलेलं असायचं. पोरांचा. आता पोरींचा संघ नेणं पोरांच्यापेक्षा स्वस्त पडतं. 25 जानेवारी 2025 ला तिकीट 14.95 टक्क्यांनी वाढलं तेव्हा तर हा फरक आणखी वाढला. "हेडमास्तर आता पोरींना नाही म्हणत नाहीत," सर म्हणाले. या योजनेवर मी कितीतरी बातम्या वाचल्या, स्वतः लिहिल्या. एसटीला तोटा किती, मतं किती, गर्दी किती. खो-खोचा संघ त्यात कुठंच नव्हता.

(ज्यांना एसटीच्या गर्दीचा राग आहे त्यांच्यासाठी: होय, परत येताना पोरी अर्धा रस्ता उभ्या होत्या. उपविजेतेपदाची ढाल इंजिनजवळ ठेवली होती आणि तिच्यावर कुणीतरी मेथीच्या जुड्या ठेवल्या.)

2 नोव्हेंबरचा क्रिकेटचा अंतिम सामना मात्र सगळ्या गावानं बघितला. नवी मुंबईला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. पावसानं उशिरा सुरू झाला. आपल्या 298, शफालीच्या 87, मग दीप्तीच्या पाच विकेट्स, आफ्रिका 246 ला खलास. मध्यरात्री गल्लीत फटाके वाजले आणि ते महिलांच्या सामन्यासाठी वाजले, हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. सांगलीची स्मृती, मुंबईची जेमिमा. उपांत्य सामन्यातली तिची नाबाद 127 तर मी दोनदा बघितली. बायकोनं तीनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलवर गेलो तर पोरींचा विषय तोच. एक म्हणाली, "सर, आमचा पण विश्वचषक झालता की जानेवारीत. तवा फटाके कुटं होते?" दुसरीच्या आईनं घरी काढलंच होतं, की तुला क्रिकेटला घालू. तिथं पैसा आहे, नाव आहे. आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बक्षिसाचे आकडे तिनं टीव्हीवरच बघितले होते. बीसीसीआयनं 51 कोटी जाहीर केले. पण क्रिकेटचं किट घ्यायचं म्हटलं तर त्या घरात पुराची मदतही पुरायची नाही. आणि शिकवणारं कोण आहे इथं? पोरगी खो-खोतच राहिली. आवडीनं राहिली की इलाज नाही म्हणून, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

मग निवडणूक लागली.

नगरपरिषदेवर जवळपास चार वर्षं प्रशासक होता. त्यामुळं इच्छुकांची जी काही साठवण झाली होती ती सगळी एकदम बाहेर आली. आमच्यासारख्या तालुक्याच्या वार्ताहराचं गणित तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. पगार नाही, मानधन आहे. नेमणुकीचं पत्र नाही, ओळखपत्र आहे. जाहिरातीवर 15 टक्के कमिशन, त्यावर घर चालतं. डिप्लोमा करताना सरांनी बातमीचा मथळा, इंट्रो, पाच 'क'कार सगळं शिकवलं. थकलेलं बिल कसं मागायचं तेवढं राहिलं. त्यामुळं निवडणूक म्हणजे आमची दिवाळी, असं लोक म्हणतात. फोन यायचे, "साहेब, पॅकेज काय?" मी म्हणायचो, जाहिरात द्या, वर 'जाहिरात' छापून येईल, पावती मिळेल. त्यातले निम्मे फोन तिथंच संपले. निम्म्यांनी दिली. माझ्या घरचा जानेवारी निघेल. एवढंच सांगतो, जास्त विचारू नका.

2 डिसेंबरला मतदान झालं. 3 ला मतमोजणी ठरली होती. ती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानं 21 वर गेली, कारण काही ठिकाणचं मतदान 20 ला ठेवलंय. सगळे निकाल एकत्र लागावेत हे तत्त्व म्हणून बरोबरच आहे. पण आमच्याकडं मतदान यंत्रं कुठं ठेवलीत माहिती आहे? क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये. एका रात्रीचा प्रश्न म्हणून हॉल दिला होता, आता अठरा दिवसांचा झाला. दाराला सील, बाहेर पोलीस, कॅमेरे. आणि मॅट आत. गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली.

निवड चाचणीची तारीख तोंडावर आलेली. पोरी माझ्याकडं आल्या. "सर, आलाव आम्ही," म्हणून दारात उभ्या. मी तहसीलमधल्या साहेबांकडं गेलो. म्हटलं, साहेब, मॅट तेवढी बाहेर काढून देता येईल का, तुमच्या माणसांसमोर. साहेब हसले. म्हणाले, "मी निकालाआधी ते दार उघडलं आणि कुणी शूटिंग केलं, तर उद्या तुम्हीच बातमी लावाल." खरं आहे. लावली असती. चार कॉलम लावली असती.

तर आता पोरी हॉलच्या बाहेर, मातीवर सराव करतात. गंमत म्हणजे तिथं त्या एकट्या नाहीत. यंत्रांवर लक्ष ठेवायला सगळ्या पक्षांची पोरं पाळी लावून बसलीयत. मंडप टाकलाय, शेकोटी आहे, रात्रभर पत्ते. पहिल्या दिवशी त्यांच्या गाड्या नेमक्या खो-खोच्या मैदानावर लावलेल्या. सरांनी हात जोडून काढायला लावल्या. तिसऱ्या दिवशी एका पक्षाचा कार्यकर्ता मोबाईलवर वेळ लावून द्यायला लागला. चौथ्या दिवशी समोरच्या पक्षाचा म्हणाला, तू वेळ चुकीची लावतोस. आता दोघं मिळून लावतात, आणि भांडण झालं तर सरांकडं येतात. एवढी पारदर्शकता मला गावात दुसरीकडं दिसलेली नाही.

मी बातमी पाठवली. दोनशे ऐंशी शब्द, फोटो, साहेबांची बाजू, सरांची बाजू, मॅटचा हिशोब. छापून आल्या सहा ओळी. "स्ट्राँगरूममुळे खेळाडूंची गैरसोय." सातव्या पानावर, वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली. डेस्कवरच्या मित्राला फोन केला. म्हणाला, "अरे, जागा नव्हती रे. पुन्हा मोठं कर ना, निकालानंतर." निकालानंतर कुठली जागा? तेव्हा गुलाल असेल, विजयी उमेदवारांच्या पानभर जाहिराती असतील, आणि त्यातल्या चार मीच आणलेल्या असतील.

त्या सहा ओळी वाचून एका उमेदवाराचा फोन आला. "पत्रकार साहेब, नवी मॅट देतो मी. पण बातमीत नाव पाहिजे, आणि उद्याच." म्हटलं, आचारसंहिता आहे अजून, 21 नंतर द्या. "हरलो तर?" तो म्हणाला. एवढं खरं बोललेला उमेदवार मला या निवडणुकीत दुसरा भेटला नाही. त्याला मत देता आलं असतं तर दिलं असतं, पण प्रभाग वेगळा.

पुराच्या गावातली ती पोरगी आता रोज पहिल्या एसटीनं येते. मातीवर काही अडत नाही तिचं, अनवाणी पळते. चाचणी मॅटवर आहे आणि बूट नाहीत, एवढीच अडचण. मैत्रिणीचे बूट घालून बघितले, एक नंबर मोठे पडतात. वळताना टाच निसटते.

तर मंडळी, दोन कामं आहेत. 21 ला रविवारी मतमोजणी. संध्याकाळपर्यंत हॉल मोकळा होईल असं साहेब म्हणालेत. सोमवारी सकाळी सहाला मॅट बाहेर काढून झटकायची, पुसायची आणि परत अंथरायची. ती भलतीच जड आहे, दहा-बारा माणसं लागतील. कुठल्याही पक्षाची चालतील, वेळ लावणारे दोघं येतो म्हणालेत. दुसरं, बूट. पाच नंबर, रबरी सोलचे, वापरलेले असले तरी चालतील, फक्त सोल गुळगुळीत झालेला नको. कुणाकडं असतील तर स्टँडसमोरच्या हॉटेलात ठेवा. मालकाला सांगून ठेवलंय.