पाणी वाटलं, हिशेब राहिला

महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यातली तिलारी नदी गोव्यात शिरल्यावर शापोरा होते आणि अरबी समुद्राला मिळते. तिच्यावरच्या धरणासाठी महाराष्ट्र आणि गोवा यांनी १९९० मध्ये करार केला. धरण महाराष्ट्रात, खर्च दोघांचा, पाण्याचा जवळपास पाऊण हिस्सा गोव्याचा. प्रादेशिक अर्थशास्त्रात राज्याराज्यांतल्या सहकार्याचा विषय निघाला की मी आधी तिलारीचंच नाव घेतो. इथे दोन सरकारांनी खरोखर पैसे घातले आणि पाणी सीमा ओलांडून वाहू लागलं.

उत्तर गोव्यातली अस्नोडा आणि चांदेल इथली जलशुद्धीकरण केंद्रं या पाण्यावर विसंबून आहेत. दोडामार्गात कालव्याला भगदाड पडलं की बार्देश आणि पेडण्यातले नळ कोरडे पडतात. गेल्या काही वर्षांत कालवा वारंवार फुटला आहे. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या कालव्याची डागडुजी महाराष्ट्राने करायची, तहान मात्र गोव्याची; एवढं एकमेकांवर अवलंबून असणं नकाशावर कुठेच दिसत नाही.

धरणाखाली आयनोडे, सरगवे, शिरंगे, पाट्ये ही गावं गेली. धरणग्रस्तांनी नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. करारात पाण्याचे आणि खर्चाचे टक्के ठरले, पण जमीन सोडणाऱ्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांचा वाटा त्याच काटेकोरपणे ठरला नाही. माझ्या मते कराराची मोठी उणीव तीच.

आणि हिशेब पाण्यापाशी संपत नाही. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडचे तरुण सकाळी दुचाकीवरून म्हापसा, डिचोलीकडे कामाला जातात, रात्री घरी परततात. त्यांच्या श्रमाचं उत्पादन गोव्याच्या उत्पन्नात धरलं जातं. त्यांच्या मुलांच्या शाळेचा खर्च महाराष्ट्र उचलतो. आजार बळावला की जवळचं मोठं इस्पितळ म्हणजे गोव्यातल्या बांबोळीचं. तिथे २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्गकरांनी आंदोलन केलं. गोव्याची बाजू मला पटते: छोट्या राज्याच्या करदात्याने शेजारच्या जिल्ह्याचा उपचारखर्च किती काळ सोसायचा? पण त्याच जिल्ह्याचं पाणी आणि मनुष्यबळ गोव्याला हवं आहे, हेही त्याच वहीत लिहायला हवं.

असा हिशेब मांडायला एक मंच आहे: १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने स्थापन झालेल्या पश्चिम क्षेत्रीय परिषदेत ही दोन्ही राज्यं बसतात. पण तिथला पट मोठा, त्यात दोडामार्गसारखा तालुका बुडून जातो. म्हणून तिलारीपुरता वेगळा संयुक्त निधी हवा. पाणीपट्टीतला ठरावीक भाग दरवर्षी त्यात जमा व्हावा. त्यातून कालव्याची पावसाळ्याआधीची दुरुस्ती, धरणग्रस्तांच्या मुलांचं तांत्रिक शिक्षण आणि बांबोळीतल्या उपचारांची भरपाई भागवावी. बैठका दोडामार्गात घ्याव्यात आणि धरणग्रस्तांच्या प्रतिनिधीला तिथे मताचा अधिकार असावा.