तापोळ्याच्या पाण्यावर

महाबळेश्वरला जाणारी कुटुंबे सहसा वेण्णा तलावात होडीची फेरी मारतात, काठावर मक्याचे कणीस खातात, स्ट्रॉबेरी घेतात आणि परततात. यात वाईट काही नाही. कणीस आम्हीही खाल्ले. सन १८४२ मध्ये साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधलेला हा तलाव आजही गावाची तहान भागवतो. पण दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो तेव्हा मुलांची मागणी वेगळी होती. लेबनॉनमधील जईता गुहा त्यांनी मोबाइलवर पाहिली होती. तिथे डोंगराच्या पोटात नदी आहे, लोक नावेत बसून आत जातात आणि त्याच झऱ्याचे पाणी बैरूत शहर पिते.

"अब्बू, महाबळेश्वरला तर एवढा पाऊस पडतो. तिथेही अशी गुहा असेलच ना?"

प्रश्न रास्त होता. उत्तर दगडात आहे. जईताचा डोंगर चुनखडीचा. पावसाचे पाणी चुनखडी हळूहळू विरघळवते आणि लाखो वर्षांनी आत दालने तयार होतात. आपला सह्याद्री लाव्हारसाचा काळा कातळ, तो असा विरघळत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर मात्र त्या कातळावर जांभ्याचा थर आहे. जांभा म्हणजे छिद्रांचा दगड. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि कड्याच्या कडेने झरे होऊन बाहेर पडतो. म्हणजे इथे एक मोठी गुहा नाही, बारीक बारीक लाखो गुहा आहेत. त्यात नाव कशी घालणार?

पाचगणीजवळच्या राजपुरीच्या गुहा आम्ही मुद्दाम पाहिल्या. आत पाण्याची कुंडे आहेत. हिंदू बांधवांचे ते श्रद्धास्थान, म्हणून चपला बाहेर ठेवून, आवाज न करता फिरलो. दादींनी ओल्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पहाड़ को पसीना आया है."

नावेची हौस शेवटी तापोळ्याला भागली. महाबळेश्वरपासून पंचवीस-तीस किलोमीटरचा घाटरस्ता आहे. वळणे फार, लहान मुलांना पोटभर खाऊ घालून नेऊ नये. खाली उतरलो की शिवसागर जलाशय दिसतो. इथेच सोळशी नदी कोयनेला मिळते. पलीकडे बामणोली, आणखी आत वासोट्याचे जंगल. काठावर जुहरची नमाज पढलो आणि लाइफ जॅकेट घालून यांत्रिक बोटीत बसलो.

पाणी इतके शांत की ते कायमचेच इथे असावे असे वाटते. तसे नाही. १९६० च्या दशकात कोयना धरण पूर्ण झाले आणि खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. माणसे रायगड, ठाणे, सोलापूरकडे पांगली. मुलांना हवी होती तशी पाण्याची गुहा खरे तर या जलाशयाशी जोडलेलीच आहे, फक्त ती माणसाने खोदली. इथले पाणी बोगद्यांतून डोंगर पार करून पश्चिमेला पोफळीकडे उतरते आणि तिथे डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात जनित्रे फिरवते. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाखालून बोगदा खोदत नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला होता. २०१२ मध्ये पुन्हा तसेच केले. आपल्या घरातल्या दिव्यात त्या पाण्याचा वाटा आहे. वर्गात वीजनिर्मितीचा धडा शिकवताना आम्ही कोयनेचे नाव घेतो. ज्यांची शिवारे गेली त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकात फार तर एक ओळ असते.

नाववाला पस्तिशीचा असेल. "गुरुजी, आमचं जुनं गाव हितंच खाली हाय," असे त्याने सहज सांगितले, जणू एसटीचा थांबा दाखवावा. गाव उठले तेव्हा आजोबा दूर गेले नाहीत, वर डोंगराला सरकले. शेती गेली, मग होडी आली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बांध उघडे पडतात. वडील वर्षातून एकदा तरी तिथे जाऊन उभे राहतात.

"मग आता आपण कुणाच्या घरावरून चाललोय?" धाकटीने विचारले.

त्याने इंजिनाचा वेग कमी केला, दोन्ही काठ नीट पाहिले.

"घर न्हवं बाळा. हितं आमचं खळं हुतं, असं आजा सांगायचा. घर अजून थोडं म्होरं हाय."