चिकटणारा पुढचा ब्रेक

दुचाकीच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे खेचणारी स्प्रिंग नसते, हे ध्यानात घेतल्याखेरीज ब्रेक चिकटण्याचा दोष उलगडत नाही. लिव्हर दाबला की हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे रेटतो आणि त्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पॅडला डिस्कवर आवळतो. लिव्हर सोडल्यावर पिस्टनभोवतीचे रबरी सील, जे दाबाखाली किंचित पिळवटलेले असते, मूळ आकारावर येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. चाकाचे मोकळेपण एवढ्याशा माघारीवर अवलंबून असते, आणि ती घडण्यासाठी ऑइलला परतीची वाट लागते. ही वाट म्हणजे मास्टर सिलिंडरच्या टाकीत उघडणारे, एक मिलिमीटरहूनही लहान छिद्र.

रत्नागिरीत जुन्या बाजारातून घेतलेल्या, चौदा वर्षे वापरलेल्या १५० सीसी गाडीचे चाक सकाळी मोकळे फिरे, पण आठ-दहा किलोमीटरनंतर जड होई. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेमुळे संशय साहजिकच कॅलिपरवर गेला. त्याचे सील बदलण्यात आले, सरकत्या पिनांना ग्रीस लावण्यात आले, तरी दोष जागचा हलला नाही. निदानाआधीच केलेला हा खर्च होता, आणि गॅरेजमध्ये बहुधा असेच घडते, हे खेदाने नोंदवावे लागते.

खरी परीक्षा ब्रेक चिकटलेला असतानाच घ्यावी लागते. गाडी डबल स्टँडवर घेऊन, पुढचे चाक उचलून धरून, कॅलिपरवरचा ब्लीड निप्पल, म्हणजे हवा काढण्याची पोकळ चावी, पाव फेरा सैल करताच ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक सुटले. गंजलेला पिस्टन कारण असता, तर दाब गेल्यावरही चाक जडच राहिले असते. पुन्हा गाडी चालवून ब्रेक चिकटल्यावर निप्पलऐवजी मास्टर सिलिंडरजवळचा नळीचा जोड सैल केला, तेव्हाही चाक सुटले. म्हणजे आतून फुगलेली नळी ऑइल अडवत नव्हती आणि दोष वरच होता. टाकीचे झाकण काढून लिव्हर हलकेच दाबला असता, छिद्र उघडे असेल तर ऑइलच्या पृष्ठभागावर जी लहानशी उसळी दिसते, ती दिसली नाही.

छिद्रात कचरा मात्र नव्हता. आधीच्या मालकाकडे गाडी कधीतरी पडल्यावर बसवलेल्या स्वस्त लिव्हरचे टोक किंचित लांब होते. दट्ट्याला सतत टेकून टोकावरचा काळा रंग घासून, बाजरीच्या दाण्याएवढा चकचकीत ठिपका उमटला होता. लिव्हरला मोकळी चाल उरली नसल्याने दट्ट्या छिद्र झाकूनच बसे, ऑइल तापून प्रसरण पावे, वाढलेल्या दाबाने पॅड अधिक घासत, आणि उष्णता आणखी वाढे. हे चक्र जीवघेणे ठरू शकते, कारण डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असला, तरी ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ती किमान मर्यादा १४० अंश आहे, आणि ऑइल उकळून वाफ धरली की लिव्हर दाबूनही ब्रेक लागत नाही.

टोक कानशीने घासण्यापेक्षा योग्य मापाचा लिव्हर बसवणे अधिक सुरक्षित, म्हणून तेच केले गेले. ऑइलही नवे भरून हवा काढण्यात आली. त्यानंतर रत्नागिरीजवळच्या हातखंब्यापर्यंत जाऊन आल्यावर डिस्कवर शिंपडलेले पाणी चुरचुरले नाही, नुसते ओघळून गेले.