शहापुरी बाहुली

आमच्या भातुकलीतली पंगत दिवस मावळायच्या आत उठायची. भात खोटा, आमटी खोटी, पण नियम घरातलाच खरा. उशीर झाला तर बाहुली उपाशी झोपायची. पाणीसुद्धा गाळूनच घ्यायचं. माझ्याकडे हातरुमालाएवढं गाळणं होतं. त्यावर अडकलेले जीव पुन्हा विहिरीत सोडायचं काम तेवढं आजी करायची, कारण मला विहिरीजवळ जायची बंदी होती.

पोळपाट-लाटणं, जातं, उखळ-मुसळ असा लाखेचा रंगीत संच आप्पांनी आंबोली घाट उतरून सावंतवाडीहून आणला होता. लाकडी फळं आणि भाज्या मात्र गोकाकच्या. त्यातला पेरू इतका हुबेहूब होता की पाहुण्यांच्या एका पोरानं त्याला दात लावला. आजीनं त्या टोपलीतून मुळा आणि बटाटा तेवढा काढून माळ्यावर टाकला. "लाकडाचा असला तरी मुळा त्यो मुळाच," म्हणाली. मैत्रिणींनो, हसा खुशाल. आम्हीही हसलो होतो.

पण माझा जीव होता तो रत्नीवर. आम्ही बेळगावात शहापूरला राहायचो, दिवसभर मागांची खडखड कानावर. आजीच्या विटलेल्या शहापुरी लुगड्याचा काठ सोडवून तिनंच रत्नीला नेसवला होता. पोटात कापूस, केस काळ्या दोऱ्याचे, डोळे काजळाचे. काजळ पुसलं की आजी नव्यानं रेखायची. त्यामुळे रत्नी कधी हसरी दिसायची, कधी रुसलेली, एकदा तर चक्क तिरळी.

बाहुलीला आपटायचं नाही, मोडायचं नाही, "मारीन हं" असं खेळातही म्हणायचं नाही. बाजारात साखरेचे हत्ती-घोडे यायचे, तेही आमच्या घरी कधी आले नाहीत. हत्तीची सोंड मोडून खाताना मनात काय येतं, ते महत्त्वाचं, असं आजीचं म्हणणं. मग ती यशोधर राजाची गोष्ट सांगायची. आईच्या आग्रहाखातर त्यानं देवीपुढे खरा कोंबडा न मारता पिठाचा कोंबडा मारला. पण मारायचा संकल्प तर केलाच. पुढच्या जन्मी राजा मोर झाला, आई कुत्रा झाली, आणि जन्मामागून जन्म दोघांचे हाल संपेनात. "बाहुलीत जीव नसंल, तुझ्या मनात तर हाय न्हवं?" असं म्हणून गोष्ट संपायची.

१९७८ च्या अक्षय्य तृतीयेला रत्नीचं लग्न ठरलं. मी नऊ वर्षांची. नवरा शेजारच्या मैत्रिणीचा, कोट-टोपीवाला. आदिनाथांच्या पारण्याचा दिवस म्हणून उसाचा रस घरात होताच, पंगत त्यावरच भागवली. अक्षता पडल्या, फोटोग्राफरही झाला एकजण आगपेटीचा कॅमेरा घेऊन. आणि वरमाय हात पुढे करून म्हणाली, "द्या आता आमची सून."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! म्हणजे माहीत होतं, पण ते खरंच होणार हे नव्हतं माहीत. मी रत्नीला पदराखाली, म्हणजे ओढणीखाली, घट्ट धरून बसले. आई म्हणाली, "असं करतात का? लेक ती, दिली पाहिजे." मैत्रीण रडायला लागली. मीही रडायला लागले. आईनं रत्नी माझ्या हातातून काढून घेतलीच असती, पण आजी सोप्यातून उठून आली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिची तिच्याकडं."

आजीनं आईच्या शब्दाबाहेर बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्या रात्री तिच्या कुशीत पडल्यावर मी विचारलं, तुझी बाहुली होती का गं? आजीचं लग्न आठव्या वर्षी झालेलं. शारदा कायदा १९२९ चा, तो यायला अजून बरीच वर्षं होती. सासरी येताना ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत लपवून तिनं बाहुली आणली होती. चार दिवस कुणाला कळलं नाही. पाचव्या दिवशी भाकऱ्या थापायच्या सोडून परसात खेळताना सापडली. सासूनं बाहुली घेतली आणि चुलीत घातली.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? तिथंच बसून भाकऱ्या केल्या की."

मला एकदम यशोधर आठवला. "मग तुझ्या सासूला कुठला जन्म मिळाला असंल?"

आजी बराच वेळ गप्प होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "असं इचारू नगं. म्हातारपणी डोळं गेलं व्हतं तिचं. रोज बस्तीत हात धरून मीच न्ह्यायची."

बस्ती म्हणजे आमचं जिनमंदिर. त्या वाटेवर त्या दोघी काय बोलत असतील, हे विचारायचं मला पुढे कितीतरी वर्षांनी सुचलं. तेव्हा आजी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आजीनंच तोडगा काढला. कोट-टोपीवाला नवरा घरजावई म्हणून आमच्याकडे राहायला आला, आणि वरमायेनं रोज दुपारी लेकाला भेटायला यायचं ठरलं. ती यायची, भरपूर खोटी आमटी ओरपायची आणि दिवस मावळायच्या आत घरी जायची.