हिंगोलीहून समुद्रमार्गे

आमचा पुतण्या परवा इटलीतल्या बारी बंदरातून ग्रीसमधल्या पात्रासला रात्रीच्या बोटीनं गेला. केबिन परवडेना, म्हणून सगळ्यांत स्वस्त असं डेकचं तिकीट काढलं आणि जमिनीवर पथारी टाकून झोपला. ही युक्ती युरोपातल्या विद्यार्थ्यांनी नुकतीच शोधून काढली असावी, अशा थाटात त्यानं ती फोनवर सांगितली. त्याची आजी १९७६ सालीच डेक क्लासनं गोव्याला जाऊन आली होती, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नाही.

हिंगोली आणि समुद्र यांचा संबंध कुठल्याही इयत्तेच्या भूगोलात येत नाही. आमच्याकडे अथांग पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण. पुढं १९९९ साली हिंगोली जिल्हा झाला, तरी किनारा काही मिळाला नाही. पण आईनं एकदा मनावर घेतलं. औंढ्याचा नागनाथ तर दारातच, रामेश्वर मास्तराच्या पगारात बसेना. मुंबईची चौपाटी दाखवतो म्हटलं, तर म्हणाली, "काठावरून काय बघायचं? आडात बी काठावरूनच बघतोत की."

म्हणजे मधून जायचं! मधून जाण्याचा त्या काळी एकच गरिबी मार्ग होता, तो म्हणजे मुंबई-पणजी बोट. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' अशा दोन बोटी आलटून पालटून धावत. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी १० ला सुटायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. पावसाळ्यात बंद. म्हणून मे महिना गाठला. हिंगोलीहून पूर्णा, पूर्णेहून मनमाड, हे सारं छोट्या रुळांवरून. मनमाडला रूळ रुंद झाले आणि माणसं अरुंद.

डेकच्या तिकिटाला आकडा नसे, जागा नसे. जिथं सतरंजी पडेल तिथं आपलं राज्य. जाणकार मंडळी हमालाच्या हाती वळकटी देऊन त्याला पुढं पिटाळत. तो चढून अशा सफाईनं सतरंज्या फेकायचा, की शिवाजी महाराजांनी किल्ले घेतले तेही याच पद्धतीनं की काय, असं वाटावं. आमच्या हमालानं आम्हांला शिडीच्या तोंडाशी दीड माणसाचं राज्य मिळवून दिलं. अर्धा माणूस अर्थातच मी.

शेजारी एक मालवणी आजी फणसासकट बसली होती.

"गे बाय, जरा सराक मगे," ती म्हणाली.

"कुठं सरकू माय, समुद्रात?" आईनं विचारलं.

इतकं झाल्यावर मैत्री व्हायला वेळ लागला नाही. धपाटे तिकडं गेले, आमसुलं इकडं आली. एकीचं मालवणी, दुसरीचं मराठवाडी. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत नव्हतं, त्यामुळे भांडणाला जागाच उरली नाही. "हिंगोली खंय इला?" या प्रश्नावर आईनं "नागनाथापाशी" असं सांगितलं आणि त्या आजीनं हात जोडले. पत्ता पुरला.

बाहेरच्या लाटांवर बोट डुलू लागली तसा मी आडवा झालो. आमसूल चोखून पोटाला विनवण्या करू लागलो. आई मात्र ठणठणीत. मधल्या बंदरांत धक्का नसेल तिथं पडाव येऊन बोटीला भिडत. ट्रंका, पोरं, कोंबड्या असा संसार हातोहात खाली उतरे. "असं उतरायचं असतं तर मी आलेच नसते," एवढीच तिची त्यावर टीका.

रात्री दोनला जाग आली तर तिची सतरंजी रिकामी. माझी झोपच उडाली. ती कठड्याशी बसली होती. बहात्तरच्या दुष्काळात ती याच वेळेला उठायची. वाड्यातल्या आडाच्या तळाशी झरा वाटी-वाटीनं पाझरायचा आणि त्यासाठी सात घरांचे नंबर लागायचे. मी जाऊन शेजारी बसलो. बराच वेळ ती काही बोलली नाही.

"एवढं व्हतं इथं," मग म्हणाली.

"खारं असतं ते, आई. प्यायला चालत नाही."

"भांडे घासायला तर आलं असतं!"

भूगोल शिकवणाऱ्या माणसाजवळ याला उत्तर नव्हतं. घाटमाथा, पर्जन्यछाया वगैरे शब्द तोंडाशी आले होते, ते आमसुलाबरोबर गिळले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला ती बोट गेली. २०१८ साली 'आंग्रिया' नावाची झकपक बोट त्याच वाटेवर निघाली, पण तिच्यावर फणसासकट बसू देतील असं काही मला वाटलं नाही. करोनाच्या दिवसांत तीही थांबली.

पणजीला आईनं मंगेशीच्या आधी तांब्याभर समुद्र भरून घेतला. लोक गंगा आणतात, हिनं अरबी समुद्र आणला. वर फडकं बांधून, चार गाड्या बदलून, मांडीवर धरून. हिंगोलीत गल्लीतल्या प्रत्येकानं त्यात बोट बुडवून चाखलं आणि "खारंच हाय की" म्हणून पुस्तकांवर शिक्कामोर्तब केलं. आमची सौभाग्यवती उरलेलं तुळशीला घालायला निघाली, तर आईनं तांब्या हिसकावला.

"मरंल की ती!"

आणि मग ऊन उतरल्यावर स्वतः जाऊन ते कयाधूत ओतून आली. मे महिना होता. नदीत तेवढंच पाणी होतं.